गाडी खाली बसवण्याआधी: स्पोर्ट्स सेडानच्या सस्पेन्शनचे विज्ञान

सुमारे १,४०० किलो वजनाची सेडान वेगाने वळण घेत असताना तिचे आडवे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ०.८ पट झाले, तर आतल्या बाजूच्या चाकांवरचा जवळपास ३७० किलोंचा भार बाहेरच्या चाकांवर जाऊन पडतो. हे गणित करताना गाडीच्या गुरुत्वमध्याची उंची ५० सेंटिमीटर आणि डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर १५० सेंटिमीटर धरले आहे. स्प्रिंगांचा कडकपणा त्यात कुठेही येत नाही. बाजारातून महागड्या कडक स्प्रिंगा आणून बसवल्या तरी बाहेरच्या बाजूला सरकणारा एकूण भार जवळजवळ तेवढाच राहतो.

मग स्प्रिंगा आणि अँटी-रोल बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचे कलणे रोखणारा दांडा, नेमके काय ठरवतात? त्या भारातला किती वाटा पुढच्या चाकांच्या जोडीने उचलायचा आणि किती मागच्या, हे ते ठरवतात. टायरवरचा भार दुप्पट झाला तर त्याची पकड वाढते, पण दुपटीइतकी नाही. म्हणून ज्या जोडीतल्या दोन चाकांच्या भारात तफावत जास्त, ती जोडी आधी घसरू लागते. पुढचा अँटी-रोल बार जाड केला की गाडी वळणावर नाकाने बाहेर जाऊ पाहते, मागचा जाड केला की शेपूट बाहेर टाकू पाहते. बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो, त्यामुळे २२ मिलिमीटरच्या भरीव बारऐवजी त्याच घडणीचा २४ मिलिमीटरचा बसवला तर फरक डोळ्यांना दिसणार नाही, पण कडकपणा सुमारे ४२ टक्के वाढलेला असेल. घरी काम करणाऱ्याने हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे.

उदाहरणासाठी बीएमडब्ल्यूची ३ मालिकेतली, १९९८ साली आलेली ई४६ सेडान घेऊ. आता ती जुनी आणि तुलनेने स्वस्त झाली आहे, तिचे सुटे भाग मुबलक मिळतात आणि तिची रचना हाताने काम करणाऱ्याला समजण्यासारखी आहे. पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. अमेरिकी अभियंता अर्ल मॅकफर्सन याने विकसित केलेली ही रचना फोर्डने १९५० साली ब्रिटनमध्ये सादर केलेल्या कॉन्सल आणि झेफर या गाड्यांमुळे रूढ झाली. तिच्यात शॉक ॲब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजवाल्यांचा शॉकअप, स्वतःच चाकाला उभा आधार देतो आणि स्प्रिंग त्याच्याभोवती बसते. मागे अनेक दुव्यांचे सस्पेन्शन असून तिथे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळ्या जागी आहेत. मागची स्प्रिंग चाकापासून बरीच आत, चाकाला गाडीशी जोडणाऱ्या आर्मवर टेकलेली असते. चाकाच्या हालचालीच्या ७० टक्केच हालचाल स्प्रिंगपर्यंत पोहोचत असेल, तर चाकाला जाणवणारा कडकपणा स्प्रिंगच्या कडकपणाच्या ०.७ गुणिले ०.७, म्हणजे जेमतेम निम्मा असतो. म्हणून पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगांवर छापलेले आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात काहीच अर्थ नसतो.

तुलना करायची ती वारंवारितेची, म्हणजे धक्का बसल्यावर गाडीचा तो कोपरा सेकंदाला किती वेळा वरखाली होतो याची. चाकाजवळच्या कडकपणाला त्याच्यावरील वस्तुमानाने भागून वर्गमूळ काढले आणि त्याला २π ने, म्हणजे सुमारे ६.२८ ने भागले की ती मिळते. एका चाकावर ३४० किलो भार आणि चाकाजवळचा कडकपणा मिलिमीटरला ३० न्यूटन असेल, तर उत्तर सेकंदाला सुमारे दीड हेलकावे असे येते. साध्या कौटुंबिक गाडीत ही वारंवारिता एक ते दीडच्या दरम्यान असते, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाडीत दीड ते दोन. दोनच्या पुढे गेलात की खडबडीत रस्त्यावर टायर जमिनीला चिकटून राहण्याऐवजी उड्या मारू लागतो आणि ज्या पकडीसाठी खर्च केला तीच कमी होते. रोल्स-रॉईसमधून जनरल मोटर्समध्ये गेलेल्या मॉरिस ऑली या अभियंत्याने १९३० च्या दशकात आणखी एक गोष्ट दाखवून दिली: मागची वारंवारिता पुढच्यापेक्षा थोडी जास्त ठेवावी. उंचवट्यावर पुढची चाके आधी चढतात. मागची उशिरा चढूनही जरा भराभर हलली, तर दोन्ही टोकांचा ताल लवकर जुळतो आणि गाडी नाक-शेपूट आपटत राहत नाही.

स्प्रिंग बदलून जुने शॉकअप तसेच ठेवणे ही मला सर्वांत चुकीची काटकसर वाटते. हेलकावे किती लवकर विरतात ते शॉकअपच्या रोधावर अवलंबून असते, आणि आवश्यक रोध कडकपणाच्या वर्गमूळाप्रमाणे वाढतो. स्प्रिंगचा कडकपणा दुप्पट केला तर पूर्वीइतकेच नियंत्रण राखण्यासाठी रोध सुमारे ४१ टक्के जास्त हवा. थकलेला जुना शॉकअप मूळ स्प्रिंगलाही पुरत नसतो. कोनी कंपनीच्या पिवळ्या शॉकअपसारख्या काहींमध्ये फक्त परतीचा रोध, म्हणजे स्प्रिंग उलगडतानाचा रोध, कमीजास्त करता येतो. सर्वांत मऊ जागेपासून सुरुवात करून पाव-पाव फेरी वाढवत, दर वेळी एकाच ओळखीच्या रस्त्यावरून एकाच वेगाने चालवून पाहावे. रोध कमी असेल तर गाडी उंचवट्यानंतर तरंगते. तो फार वाढला तर ओळीने आलेल्या धक्क्यांत स्प्रिंगला पुरते उलगडायला वेळ मिळत नाही, आणि गाडी दर धक्क्याला थोडी थोडी खाली बसत जाऊन शेवटी बंप स्टॉपवर, म्हणजे हालचाल अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, आदळते.

गाडी खाली केली की गुरुत्वमध्यही खाली येतो. हा लाभ खरा आहे, पण त्याला मर्यादा आहे. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत उंची ३ सेंटिमीटरने कमी केली की खालचा आर्म बाहेरच्या टोकाला वर कलतो, आणि ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो रोल सेंटर ३ सेंटिमीटरहून अधिक खाली जातो. गुरुत्वमध्य आणि तो बिंदू यांच्यातली तरफ त्यामुळे लांबते, म्हणजे गाडी कलण्याकडे अधिक झुकते आणि नव्या स्प्रिंगांचा काही कडकपणा हा तोटा भरून काढण्यातच खर्च होतो. आपल्याकडच्या गतिरोधकांची भीती मात्र अर्धीच खरी आहे. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मापाचा गतिरोधक १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. ई४६ च्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर २.७२५ मीटर असल्याने, तिची मधली बाजू माथ्यावर असताना चाकांच्या पातळीपेक्षा माथा जेमतेम साडेपाच सेंटिमीटर वर असतो. पोट घासते ते रातोरात उभारलेल्या, कोणत्याही मापात न बसणाऱ्या उंचवट्यांवर. कायद्याचा विचारही आधी करावा: भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ गाडीत नोंदीशी विसंगत बदल करण्यास मनाई करते, तर जर्मनीत असे बदल तपासून घेऊन गाडीच्या कागदपत्रांत नोंदवावे लागतात.

प्रत्यक्ष कामात दोन गोष्टींत तडजोड नको. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून तिच्याखाली हात घालू नये. कठीण, सपाट जमिनीवर जॅक स्टँड लावावेत. दुसरी गोष्ट दाबलेल्या स्प्रिंगची. मिलिमीटरला ३० न्यूटन कडकपणाची स्प्रिंग १०० मिलिमीटर दाबली की तिच्यात १५० ज्यूल ऊर्जा साठते, म्हणजे १५ किलोचे वजन एक मीटरवरून पडावे इतकी. स्प्रिंग कॉम्प्रेसर चांगला नसेल तर स्ट्रट काढून गॅरेजमध्ये न्यावा आणि तेवढे काम तिथे करून घ्यावे.

आर्मच्या सांध्यांमध्ये बसवलेल्या रबरी बुशांचे बोल्ट मात्र बरेच जण चुकीच्या वेळी आवळतात. बुशाचे रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेले असते. ते घसरत नाही, पिळले जाते. चाके लोंबकळत असताना बोल्ट पक्का केला, तर गाडी जमिनीवर येताच ते ओल्या फडक्यासारखे पिळले जाते आणि कायम तसेच राहून लवकर फाटते. म्हणून चाकांवर गाडीचे पूर्ण वजन आल्यावरच, ठरलेल्या टॉर्कने, शेवटचा आवळ द्यावा. उंची मोजायची ती चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, म्हणजे टायरच्या झिजेचा किंवा हवेचा मापावर परिणाम होत नाही.

चाकांचे कोन घरी मोजण्यासाठी गवंड्याचा ओळंबा आणि बारीक दोरी पुरते. ओळंबा चाकासमोर सोडून रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. १७ इंची रिमवर त्यातला साडेसात मिलिमीटर फरक म्हणजे एक अंश कॅम्बर, अर्थात चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल. टो, म्हणजे चाक सरळ पुढे न राहता आत किंवा बाहेर वळलेले असण्याचा कोन, मोजण्यासाठी गाडीच्या दोन्ही बाजूंना एकमेकींना समांतर दोऱ्या ताणाव्यात. पुढच्या आणि मागच्या जोडीची रुंदी सारखी नसते, म्हणून दोरीचे अंतर प्रत्येक जोडीत डावीकडे-उजवीकडे समान ठेवावे, पुढे-मागे समान करण्याच्या भरीस पडू नये. मोजण्याआधी गाडी काही मीटर पुढे-मागे ढकलावी, नाहीतर टायर आडवे ताणलेले राहतात आणि आकडे खोटे येतात. रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेच्या अंतरात एक मिलिमीटर फरक म्हणजे सुमारे ८ कला, अंशाचा आठवा भाग. एवढासा कोनही चाकाला दर किलोमीटरमागे जवळपास सव्वादोन मीटर आडवे फरफटवतो. नव्या स्प्रिंगा काहीशे किलोमीटरांनंतर थोड्या बसतात, त्यामुळे तेव्हा सगळी मापे पुन्हा घ्यावीत. टायरची आतली कड झिजलेली दिसली की दोष सहसा कॅम्बरवर टाकला जातो, पण रोजच्या वापरातल्या गाडीत बहुतेकदा टो बिघडलेला असतो. आधी दोरी ताणून तो तपासावा आणि मगच कॅम्बरच्या बोल्टला पाना लावावा.