शाबासकी जपून वापरा

कर्करोगाच्या उपचारांनंतरच्या व्यायामावर काम करणाऱ्या एका संशोधन गटात मी विद्यार्थी-मदतनीस आहे. माझ्या वाट्याला मुख्यतः सहा मिनिटांची चालण्याची चाचणी येते. 30 मीटरचा सपाट कॉरिडॉर, दोन्ही टोकांना शंकू, हातात स्टॉपवॉच. रुग्णाने सहा मिनिटांत जमेल तेवढं चालायचं. दम लागला तर भिंतीला टेकून थांबायला हरकत नाही. घड्याळ मात्र चालूच राहतं.

यात अवघड काम माझं असतं: गप्प राहायचं. दर मिनिटाला काय बोलायचं ते ठरलेलं आहे. 'छान चाललंय, अजून पाच मिनिटं आहेत.' एवढंच, आणि तेही एकाच सुरात. बरोबरीने चालायचं नाही, कारण मग माझ्या वेगाने समोरचा माणूस चालू लागतो. केमोथेरपीतून उठलेल्या बाई शेवटच्या फेरीत पाय ओढत असतात आणि 'चला मावशी, झालंच की!' हे शब्द मला गिळावे लागतात. संशोधक गॉर्डन गायट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्येच दाखवलं होतं, की नुसत्या प्रोत्साहनानेही चाललेलं अंतर वाढतं. तसं झालं तर पुढच्या खेपेला वाढलेले मीटर व्यायामाचे किती आणि माझ्या उत्साहाचे किती, कोण सांगणार?

गंमत अशी, की ज्या उपायाचा परिणाम आम्ही मोजतो, त्यात हेच प्रोत्साहन ठासून भरलेलं असतं. जून 2025 मध्ये 'चॅलेंज' या वैद्यकीय अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे 889 रुग्ण. सगळ्यांची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झालेली. आरोग्यविषयक माहितीपुस्तिका दोन्ही गटांना मिळाली. एका गटाला त्याशिवाय तीन वर्षं व्यायामाचा सल्लागारही मिळाला. सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी भेट, अडचणींची चौकशी, जमेल असं पुढचं उद्दिष्ट. आठवड्यातून तीन-चारदा पाऊण तास झपझप चालणं, साधारण एवढीच वाढ अपेक्षित होती.

आठ वर्षांनी पुस्तिकावाल्या गटातले 83.2 टक्के हयात होते, व्यायामवाल्या गटातले 90.3 टक्के. म्हणजे शंभरामागे सात माणसं जास्त. एखाद्या औषधाने हे केलं असतं तर पहिल्या पानावर बातमी आली असती! व्यायाम चांगला, हे पुस्तिकेतही होतंच. माझ्या मते खरा फरक पाडला तो पाठीशी लागणाऱ्या माणसाने. शरीरात नेमकं काय घडतं, इन्सुलिन कमी होतं, दाह उतरतो की प्रतिकारपेशी तरतरीत होतात, यावर अजून खल चालू आहे.

हे निष्कर्ष एका प्रकारच्या कर्करोगाचे आहेत, आणि व्यायाम केमोथेरपीची जागा घेत नाही. स्नायू-सांध्यांच्या तक्रारीही व्यायामगटात जास्त होत्या: 18.5 टक्के, दुसरीकडे 11.5. शिवाय या रोगात नेहमी दिल्या जाणाऱ्या ऑक्झॅलिप्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधाने तळपाय बधिर होऊ शकतात. म्हणून चालायला लावण्याआधी आम्ही विचारतो, 'पायाखालची जमीन नीट जाणवते ना?'