पक्षी असलेल्या घरात ससा-हॅमस्टरच्या पिंजऱ्याची स्वच्छता

घरात पोपट, बजरी, कॉकाटील किंवा फिंच असतील आणि सोबत ससा, गिनीपिग, हॅमस्टर नाहीतर उंदीरही पाळलेले असतील, तर या छोट्या प्राण्यांचे पिंजरे साफ करायची पद्धत थोडी वेगळी ठेवावी लागते. भुसा बदलणं, ट्रे घासणं, पाण्याची बाटली धुणं हे पाळणारे सगळेच करतात. खरा प्रश्न हवेचा आहे, कारण हॅमस्टरच्या पिंजऱ्यातून उडालेली धूळ आणि ब्लीचची वाफ शेवटी त्याच घरातल्या पक्ष्याच्या श्वासात जाते.

पक्ष्याची फुप्फुसं आपल्यासारखी फुगत नाहीत. त्यांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या, बहुतेक जातींत ९, भात्यासारखं काम करतात आणि हवा फुप्फुसातून एकाच दिशेने वाहत राहते, त्यामुळे श्वास घेताना आणि सोडताना दोन्ही वेळा तिथे ताजी हवा पोचते. प्राणवायू जसा भरभर आत जातो तसा विषारी वायूही जातो.

यासाठी नेहमी कोळशाच्या खाणीतल्या कॅनरीचा, म्हणजे विषारी वायूची आधी सूचना मिळावी म्हणून खाणीत नेल्या जाणाऱ्या छोट्या पक्ष्याचा दाखला देतात. ती कल्पना १८९० च्या दशकातली, ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांची मानली जाते. पण हॉल्डेन यांचा भर पक्ष्याच्या फुप्फुसावर नव्हता, लहान उष्णरक्ती प्राण्याचा चयापचय वेगवान असतो म्हणून त्याच्यावर परिणाम लवकर दिसतो असा त्यांचा मुद्दा होता आणि त्यात उंदीरही धरलेला होता. कॅनरी पुढे पसंत पडली कारण ती दांडीवरून खाली पडते आणि ते चटकन दिसतं. ब्रिटनमधल्या खाणींनी १९८६ मध्ये कॅनरी सोडून इलेक्ट्रॉनिक यंत्रं घ्यायचं ठरवलं. शिवाय खाणीतला कार्बन मोनॉक्साईड रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटतो, तर क्लोरीनसारखे वायू श्वासमार्गाचं अस्तरच जाळतात, त्यामुळे हा दाखला सफाईच्या वाफांना जसाच्या तसा लावणं बरोबर नाही. फुप्फुसाची रचना आणि लहान आकार ही दोन्ही कारणं एकत्र धरणं जास्त पटतं, आणि मग साफसफाईच्या वेळी पक्ष्याबरोबर हॅमस्टरलाही दुसऱ्या खोलीत हलवायचं हे ओघानेच आलं.

बहुतेक चुका क्रमात होतात. लघवीने भिजलेल्या ट्रेवर सरळ ब्लीच ओतलं की लघवीतल्या अमोनियाशी त्याची क्रिया होऊन क्लोरामाईन वायू सुटतो, आणि ब्लीच व्हिनेगरमध्ये मिसळलं तर क्लोरीन. वर घाण तशीच असेल तर ब्लीचची ताकदही तिथेच खर्च होते. म्हणून आधी साबण आणि गरम पाणी. सशाच्या आणि गिनीपिगच्या लघवीतून बरंच कॅल्शियम बाहेर पडतं, त्याचा पांढरा खरखरीत थर ट्रेच्या कोपऱ्यांत बसतो आणि घासून घासून निघत नाही. त्यावर व्हिनेगर टाकलं की बारीक फेस येतो, थोड्या वेळात थर मऊ पडतो आणि जुन्या ब्रशनेही सुटतो. जस्ताचा मुलामा असलेल्या जाळीवर मात्र व्हिनेगर जास्त वेळ ठेवू नये, जस्त सुटतं आणि चोचीने जाळी कुरतडणाऱ्या पक्ष्याला ते विषारी असतं. रोजच्या सफाईला ब्लीच लागतच नाही. आजारपणानंतर लागलंच तर व्हिनेगर पूर्ण धुऊन काढल्यावर १ भाग ब्लीचला ३२ भाग पाणी, १० मिनिटं, मग भरपूर पाण्याने धुणं आणि वास जाऊन पूर्ण कोरडं होईपर्यंत पक्षी परत न आणणं. उग्र वासाचं फिनाईल, रूम फ्रेशनर आणि सुगंधी तेलं या घरात नकोतच.

धुळीतला मोठा धोका म्हणजे ॲस्परजिलस बुरशी. हे नाव इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिकेली यांनी १७२९ मध्ये दिलं, चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडायच्या साधनासारखा तिचा आकार दिसला म्हणून. या बुरशीमुळे पक्ष्यांना होणाऱ्या आजाराची पहिली नोंद कोणाची यावर मतं एक नाहीत. काहीजण १८१५ चं, कावळ्याच्या कुळातल्या एका पक्ष्यातलं वर्णन पहिलं धरतात. पण आज जी जात पक्ष्यांना सर्वात जास्त त्रास देते तिचं नाव आणि नीट वर्णन जर्मन शास्त्रज्ञ फ्रेझेनियस यांनी १८६३ मध्ये माळढोकाच्या जातकुळीतल्या पक्ष्यावरून दिलं, त्यामुळे तिथून सुरुवात धरणं सोयीचं. ओल राहिलेल्या भुशात ही बुरशी वाढते आणि कोरडा झाडू मारला की तिचे बीजाणू उडतात, म्हणून भुसा आधी पाण्याच्या फवाऱ्याने ओलसर करून जागच्या जागी पिशवीत भरावा. भुसा सीडरचा (देवदारासारख्या उग्र वासाच्या लाकडाचा) नको. १९६७ मध्येच दिसून आलं होतं की अशा लाकडाच्या भुशामुळे उंदरांच्या यकृतातली, औषधांसारखे पदार्थ मोडणारी एन्झाइम वाढतात.

हॅमस्टर आणि उंदरांचा सगळा पिंजरा एका दमात लख्ख करू नये, आपला वास गेला की ते बिथरतात. घरट्यातला थोडा कोरडा भाग परत ठेवावा. नर उंदरांत घरट्याचा जुना माल परत ठेवल्याने भांडणं कमी होतात आणि लघवीचा भुसा ठेवला तर वाढतात असं प्रयोगात दिसलंय. नुकती पिल्लं झाली असतील तर काही दिवस हातच लावू नये. ब्रश आणि फडकी पक्ष्यांची वेगळी, बाकीच्यांची वेगळी.

पक्षी चोच उघडी ठेवून श्वास घ्यायला लागला किंवा दांडीवर बसल्या बसल्या प्रत्येक श्वासाला त्याची शेपटी वर-खाली हलायला लागली तर सफाई तिथेच थांबवून त्याला मोकळ्या हवेत न्यायचं आणि लगेच पक्ष्यांच्या डॉक्टरला फोन करायचा. असा पक्षी वरवर सावरलेला दिसला तरी फुप्फुसातली सूज काही तासांनी वाढू शकते.