घरावर मजला चढवायचाय? ‘परवानगी लागत नाही’ म्हणजे नेमकं काय, ते आधी वाचा

“दीड गुंठ्याला परवानगीच लागत नाही हो,” असं गवंड्यापासून भाऊबंदांपर्यंत सगळे सांगतात आणि त्या भरवशावर गच्चीवर विटा चढतात. पुढे कर्जासाठी बँकेत गेल्यावर, नाहीतर नोटीस हातात पडल्यावर कळतं की सवलत होती, पण ती अशी नव्हती. घरात माणसं वाढली, खोल्या तेवढ्याच राहिल्या, अशा कुटुंबांना वरचा मजला हाच परवडणारा मार्ग असतो. तो कागदावरही पक्का व्हावा, यासाठी ही माहिती. ती स्वतःच्या जागेवरच्या घरांपुरती आहे. सोसायटीतल्या फ्लॅटचे नियम वेगळे.

महाराष्ट्रात डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. बृहन्मुंबई, एमआयडीसी, थंड हवेच्या ठिकाणच्या नगरपरिषदा, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रं असे काही भाग तिच्यातून वगळलेले आहेत. या नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर घर बांधणाऱ्याला परवान्याची वाट पाहत बसावं लागत नाही. पण मालकीचा कागद, नकाशा आणि तो नियमात बसतो असा वास्तुविशारदाचा किंवा परवानाधारक अभियंत्याचा दाखला काम सुरू करण्याआधी दाखल करावा लागतो, शुल्कही भरावं लागतं. त्याची पोच आणि पावती हाच तुमचा परवाना. ती हातात नसेल तर बांधकाम अनधिकृतच. १५० ते ३०० चौरस मीटरच्या भूखंडाला तज्ज्ञाच्या दाखल्यावर १० दिवसांत परवानगी मिळते. त्याहून मोठ्या भूखंडाची नेहमीसारखी छाननी होते. तिथे नगररचना कायद्यानं निर्णयासाठी ६० दिवस दिलेले आहेत.

यात दोन गोष्टी हमखास निसटतात. एक, ही मर्यादा भूखंडाच्या क्षेत्राची आहे, तुमच्या बांधकामाची नाही. दुसरी गुंठ्याची. एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. म्हणजे दीड गुंठा भरतो १५१.७६ आणि तीन गुंठे ३०३.५. दोन्ही वेळा आपण रेषेच्या जरासे पलीकडे असतो! म्हणून गुंठ्यावर जाऊ नका. सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) चौरस मीटरमध्ये किती क्षेत्र लिहिलंय ते पाहा.

गावठाणातल्या घरांसाठी फेब्रुवारी २०२१ मध्ये अशीच सवलत जाहीर झाली. साधारण १,६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर ग्रामपंचायतीच्या परवानगीची गरज नाही. १,६०० ते ३,२०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडाला ग्रामपंचायतच परवानगी देते, त्यासाठी नगररचनाकाराकडे जावं लागत नाही. कागद आणि दाखला मात्र इथेही द्यावाच लागतो. घर गावठाणाबाहेर, शेतजमिनीवर असेल तर आधी अकृषिकचा, म्हणजे जमिनीच्या बिगरशेती वापराचा, प्रश्न येतो. त्याचे सध्याचे नियम तहसील कार्यालयात विचारा.

अर्ज कोण करू शकतं? ज्याच्या नावावर जागा आहे तो. हे वाचायला सोपं आहे, पण सर्वाधिक घरं इथेच अडतात. जागा आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली, वारस नोंद नाही, आत्या आणि काका बाहेरगावी. अशा वेळी आधी वारस नोंद करून घ्या, मग सगळ्या सहहिस्सेदारांचं नोटरी केलेलं संमतीपत्र घ्या. बहिणींच्या सह्या ‘नंतर बघू’ म्हणून सोडू नका. त्यांचा हक्क आहे आणि त्यांच्या हरकतीवर काम थांबू शकतं. गावात अनेकांकडे फक्त नमुना ८ चा उतारा असतो. तो घरपट्टीच्या आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. स्वामित्व योजनेत गावठाणाची मोजणी झाली असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा. गुंठेवारीतला (मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेला) प्लॉट असेल तर आधी तो नियमित झालेला हवा.

मग तळमजल्याचं काय? तो मंजूर नकाशाप्रमाणे आहे का, ते बघितलं जातं. जुना नकाशा घरात सापडत नसेल तर पालिकेच्या बांधकाम विभागाकडून त्याची नक्कल मागता येते. वर किती बांधता येईल ते चटईक्षेत्रावर (एफएसआय), म्हणजे सगळ्या मजल्यांच्या मिळून बांधकामावर ठरतं. दाटीच्या भागाबाहेर मूळ चटईक्षेत्र निर्देशांक १.१० आहे. म्हणजे १०० चौरस मीटरच्या भूखंडावर ११० चौरस मीटर; तळमजल्यात ६० गेले असतील तर वर ५० उरले. त्यावर अधिमूल्य (जादा शुल्क) भरून पूरक क्षेत्र घेता येतं. बाल्कनी आणि जिना आता मोजणीत धरतात, हे नकाशा काढतानाच लक्षात ठेवा. बाहेरून काढलेला लोखंडी जिना सामासिक अंतरात (घराभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत) येतो, त्यामुळे तोही नकाशात दाखवावा लागतो.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. गच्चीवर कॉलमच्या सळया सोडलेल्या दिसल्या की ‘पुढच्या मजल्याची सोय आहे’ असं आपण धरून चालतो. त्या सळया दहा-पंधरा पावसाळे उघड्यावर भिजलेल्या असतात. हातोडीनं ठोकलं की गंजाचे पापुद्रे सुटतात, आतली सळई बारीक झालेली असते. आणि खरं उत्तर वर नसतंच, खाली असतं. संरचना अभियंत्याला बोलवा. तो एखाद्या कॉलमशेजारी खड्डा घेऊन पाया उघडा करून पाहील, काँक्रीट तपासेल आणि मग इमारत भार पेलू शकते की नाही याचा दाखला देईल. घर कॉलमचं नसून भिंतींवर उभं असेल, त्यातही मातीच्या जुडाईचं, तर तो बहुधा नाहीच म्हणेल. ते ऐका. त्याच्या तपासणीची फी स्लॅबच्या खर्चापुढे काहीच नाही, आणि त्या स्लॅबखाली आपलीच माणसं झोपणार असतात.

अर्जासोबत लागतात ती कागदपत्रं: मालकीचा उतारा आणि खरेदीखत, मोजणी नकाशा, जुना मंजूर नकाशा, नवा प्रस्तावित नकाशा, वास्तुविशारदाचा दाखला, संरचना अभियंत्याचा दाखला, घरपट्टी भरल्याची पावती, संमतीपत्र, आधार आणि पॅन. बहुतेक शहरांत अर्ज ऑनलाइन आणि वास्तुविशारदाच्या लॉगिनमधूनच जातो. छाननी शुल्क, विकास शुल्क वगैरे रकमा पालिकेच्या चलनावरच भरा. कोणी रोख मागितली तर देऊ नका.

रंग, प्लास्टर, फरशी, आतली कपाटं यांना परवानगी लागत नाही. गच्चीवरची पत्र्याची खोली मात्र बांधकामच समजली जाते.

परवानगी वर्षभराची असते, नूतनीकरण करत एकूण चार वर्षांपर्यंत चालते. काम संपल्यावर पूर्णत्वाचा दाखला देऊन भोगवटा प्रमाणपत्र (बांधकाम वापरायला दिलेली मंजुरी) घ्या. महापालिका हद्दीत अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती (दंड) लागू शकते आणि ती भरली म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही. प्रमाणपत्र जोडून घरपट्टीची नवी आकारणी मागा. आकारणीच्या नोटिशीत नव्या मजल्याचं क्षेत्रफळ आणि वापर ‘निवासी’ असं बरोबर लिहिलंय का ते पाहा. चूक असेल तर नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत द्या आणि तिची पोच घ्या.