ब्लॅकहीथचं भांडण हातांचं नव्हे, लाथांचं
लंडनचा ब्लॅकहीथ हा १८५८ पासूनचा रग्बी क्लब. चेंडू हाताळायला बंदी आली म्हणून तो फुटबॉल असोसिएशनमधून, म्हणजे फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या इंग्लंडच्या संघटनेतून, बाहेर पडला, असं सर्रास सांगतात. हे अर्धसत्य आहे. असोसिएशनच्या १८६३च्या नियमांतही चेंडू झेलता येई. झेलून टाचेनं जमिनीवर खूण केली की फ्री किक मिळे. चेंडू घेऊन पळण्याची मुभा गेली, हे खरं. पण क्लबचे फ्रान्सिस कॅम्पबेल हटून बसले ते समोरच्याच्या नडगीवर लाथ मारण्याच्या हक्कासाठी! पुढचं तर कुणी सांगतच नाही: १८७१ साली २१ क्लबांनी रग्बी फुटबॉल युनियन ही रग्बीची संघटना स्थापन केली, त्यात ब्लॅकहीथही होता, आणि युनियनच्या पहिल्याच नियमांनी या लाथा बंद केल्या.