पॉटच्या आइस्क्रीमची गोष्ट मिठापासून सुरू होते

मे महिन्याची संध्याकाळ, अंगणात लाकडी बादली आणि बादलीत मधोमध उभा केलेला पत्र्याचा डबा. बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून सायकलच्या कॅरिअरवरून आणलेली असायची. ती गोणपाटासकट जमिनीवर ठेवून बत्त्याने ठेचायची, डब्याभोवती बर्फाचा एक थर, त्यावर खडेमिठाची मूठ, पुन्हा बर्फ, पुन्हा मीठ. मग हँडल. पहिली पाळी बारक्या पोरांची, कारण तेव्हा ते हलकं फिरतं. नंतर थोरले आणि शेवटी मामा. मामाच्याही दंडाला रग लागली की आइस्क्रीम झालं म्हणायचं. घड्याळाकडे कुणी बघत नसे.

आम्हा मुलांना वाटायचं की सगळी जादू बर्फाची. मीठ कशाला, ते कुणी सांगत नसे. खरं तर नुसत्या बर्फाने आइस्क्रीम होतच नाही. दुधात साखर विरघळलेली असते, त्यामुळे ते शून्य अंशाच्याही खाली गेल्याशिवाय गोठत नाही आणि वितळणारा बर्फ शून्यावरच अडून बसतो. त्यात मीठ पडलं की बर्फ शून्याखालीही वितळायला लागतो. वितळायला लागणारी उष्णता तो डब्यातल्या दुधातून ओढून घेतो. मीठ आणि बर्फाचं प्रमाण नेमकं जमलं तर हे मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. म्हणून बादलीतलं खारं पाणी लगेच ओतून टाकायचं नसतं, गारवा त्यातच असतो. बादलीच्या कडेला वरच्या बाजूला जे भोक असतं, ते पाणी झाकणाच्या पातळीला पोचू नये म्हणून. आमच्याकडे एका वर्षी त्या भोकात गोणपाटाचा बोळा अडकला आणि चार लिटर दुधाचं आंबा आइस्क्रीम खारट झालं. आजीने तेही वाया जाऊ दिलं नाही, पण त्याबद्दल न बोललेलं बरं.

क्षाराने गारवा आणायची युक्ती आपल्याकडे जुनीच. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त लिहून ठेवलंय की ज्या सोऱ्यामुळे बंदुकीच्या दारूत आग भडकते, त्याच सोऱ्याने अकबराचं पिण्याचं पाणी गार केलं जाई. सोरा घातलेल्या पाण्यात पाण्याची सुरई बराच वेळ फिरवत राहायची. डबा फिरवण्याचं आपलं काम तिथेही आहेच, फक्त हँडल नाही. १५८६ च्या सुमारास दरबार पंजाबात गेल्यावर डोंगरातलं बर्फ लाहोरला येऊ लागलं. कुल्फीचा उगम याच उताऱ्यात असल्याचं सर्रास सांगितलं जातं, पण उतारा पाण्याचा आहे. कुल्फीच्या नावात मात्र फारसी शब्द दिसतो. आटवलेलं दूध निमुळत्या साच्यात भरायचं, झाकणाची फट कणकेने बंद करायची आणि साचे बर्फ-मिठाच्या मडक्यात हलवत ठेवायचे, ही तिची पद्धत. कणीक कशाला, हे आमच्या खारट आइस्क्रीमनंतर वेगळं सांगायला नको.

मैदानी मुलखात बर्फ मिळवणं हीच मोठी अडचण होती. अठराव्या शतकात अलाहाबादेकडे थंडीच्या रात्री उसाच्या चिपाडांवर उथळ मातीची ताटं मांडून त्यांत पाणी ठेवत आणि पहाटे त्यावरचा पापुद्रा गोळा करत. रॉबर्ट बार्कर या इंग्रज अधिकाऱ्याने १७७५ मध्ये त्याचं वर्णन छापलं. पण ती सोय उत्तरेतल्या थंडीपुरती. मुंबईच्या दमट हवेत तिचा काय उपयोग?

मुंबईला बर्फ आला तो थेट अमेरिकेहून. बॉस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर हा गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फ कापून विकणारा व्यापारी. १८३३ मध्ये त्याचं ‘टस्कनी’ जहाज १८० टन बर्फ घेऊन निघालं आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं, तेव्हा त्यातला शंभरेक टन शिल्लक होता. पुढच्याच वर्षी मुंबईची पाळी आली. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम ठेवलं आणि यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाल्याची बातमी ‘मुंबई समाचार’ने दिली, असं सांगतात. ‘आइस्क्रीम खाऊ नकोस, घसा धरेल’ या आईच्या वाक्याला एवढी जुनी परंपरा आहे तर!

इथेच मस्तानीचाही विषय काढायला हवा. पुण्याच्या या घट्ट दुधावर आइस्क्रीमचा गोळा ठेवलेल्या पेयाचं नातं कुणी ना कुणी थेट बाजीरावाशी जोडतंच. बाजीराव वारले १७४० मध्ये. अमेरिकी बर्फ मुंबईच्या बंदराला लागायला तेव्हा अजून ९४ वर्षं होती. नाव गोड आहे, तेवढं घ्यावं.

हँडलचा पॉट आला अमेरिकेतूनच. फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन यांनी १८४३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आत फिरणारी पाती डब्याच्या भिंतीला धरलेला गोठलेला थर खरवडून मध्ये ढकलतात, त्यामुळे बर्फाचे खडे मोठे होत नाहीत. त्यांची कल्पना एवढीच, पण आचाऱ्याच्या हातचं काम त्यामुळे घरातल्या पोरांच्या हाती आलं. पुढे कलकत्त्या-मुंबईत बर्फाचे कारखाने निघाले, ट्यूडरच्या जहाजांची गरज संपली आणि लादी स्वस्त झाली. मुंबईच्या भेंडी बाजारातलं ‘ताज आइस्क्रीम’ १८८७ पासूनचं. हाताने फिरवायच्या संचाचं आइस्क्रीम हीच त्याची ओळख.

घरोघरी पॉट मागे पडला तो फ्रिजमुळे. गोदरेजने १९५८ मध्ये आपल्याकडे बनवलेला पहिला फ्रिज आणला, मध्यमवर्गाच्या स्वयंपाकघरात तो शिरायला पुढची दोन-तीन दशकं गेली. फ्रीझरमध्ये गारवा आयता मिळतो, पण ढवळणारं कुणी नसतं, म्हणून खडे धरतात. यावर आयांनी उपाय काढला ‘जीएमएस-सीएमसी’ या दोन पावडरींचा. एक पावडर स्निग्धांश आणि पाणी एकजीव ठेवते, दुसरी खडे वाढू देत नाही. दुधात शिजवा, गोठवा, अर्धवट गोठल्यावर बाहेर काढून मिक्सरमधून फिरवा, पुन्हा गोठवा. वरून घालायला वेगळा सॉस कशाला, हापूसचा घट्ट आटवलेला रस नाहीतर बरणीतल्या साखरांब्याचा पाक असे. मिक्सरचा आवाज झाला की पोरं स्वयंपाकघरात गोळा होत, मिक्सरचं भांडं कुणी चाटायचं यावरून भांडणं होत. पॉटच्या वेळी पातीवरून व्हायची, तशीच.