की आर्ट आणि कॅप्सूल: पोस्टर कापून स्टोअरचं चित्र का होत नाही

गेम स्टीमवर, म्हणजे संगणकावरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, टाकायची वेळ येते तेव्हा बहुतेक छोट्या टीमकडे एक सुरेख रंगवलेलं मोठं चित्र आधीच तयार असतं. तेच कापायचं आणि सगळ्या मापांत बसवायचं, असा सोपा हिशेब मांडला जातो. त्या मोठ्या चित्राला की आर्ट म्हणतात, बोलताना सरळ पोस्टर. स्टोअरच्या यादीत दिसणारा छोटा आयत म्हणजे कॅप्सूल. पात्र तेच, रंग तेच, नावही तेच, म्हणून एकच वस्तू लहानमोठी केल्यासारखी वाटते. कामं मात्र दोघांची वेगळी आहेत.

पुण्यातल्या पीएमपीच्या बसकडे (पीएमटीच म्हणा) बघा. तिच्या अंगावरची जाहिरात सिग्नलला अडकलेला माणूस फोन नंबरासकट वाचून काढतो. स्वारगेटच्या थांब्यावर उभा असलेला मात्र समोरची पाटी बघतो, तीही बस चालत असताना, आणि कात्रज की हडपसर एवढंच त्याला कळायला हवं असतं. की आर्ट म्हणजे बाजूची जाहिरात, कॅप्सूल म्हणजे पाटी. जाहिरात लहान करून पाटीच्या जागी लावली तर बस कुठे चालली आहे ते कोणालाच कळणार नाही.

आता मापं. स्टीमला हेडर कॅप्सूल ९२०×४३० पिक्सेलचं लागतं, छोटं कॅप्सूल ४६२×१७४, मुख्य कॅप्सूल १२३२×७०६ आणि उभं कॅप्सूल ७४८×८९६. हेडर गेमच्या पानाच्या माथ्यावर बसतं, मुख्य कॅप्सूल पहिल्या पानावरच्या मोठ्या पट्टीत, उभं मोठ्या सेलच्या पानांवर. छोटं कॅप्सूल शोधाच्या निकालांत आणि याद्यांमध्ये येतं, आणि त्यापासून स्टीम आपणहून १८४×६९ आणि १२०×४५ अशी आणखी दोन मापं बनवतं. आपल्या दृष्टीने खरी परीक्षा या १२०×४५ ची. गेमचं नावही माहीत नसलेला माणूस बऱ्याचदा पहिल्यांदा हेच बघतो.

याशिवाय लायब्ररीसाठी ६००×९०० चं वेगळं कॅप्सूल असतं आणि घोळ नेमका इथून सुरू होतो. पुण्यात डिजिटल प्रिंटवाल्याकडे पोस्टर छापायला गेलात की नेहमीचा कागद १२×१८ इंचाचा. त्याचं प्रमाण दोनास तीन, आणि ६००×९०० चंही तेच. पोस्टर तिथे चपखल बसतं, आणि मग बाकीची मापंही अशीच निघतील असं वाटू लागतं. पण लायब्ररीतलं चित्र ज्याने गेम घेतला आहे तो बघतो. विकत घ्यायला लावणारी जवळजवळ सगळी मापं आडवी आहेत.

आकडे मांडून बघू. समजा गेमचं नाव आहे ‘मुठेचं भूत’. १२×१८ चं पोस्टर ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, ३६००×५४०० पिक्सेलचं होतं. त्यात वर चंद्र, मागे लकडी पूल, खाली नदी आणि मधोमध कंदील घेतलेली मुलगी, उंचीने चित्राच्या निम्मी, म्हणजे २७०० पिक्सेल. तिचं डोकं साधारण ३८५ पिक्सेलचं. हेडरसाठी पोस्टरची पूर्ण रुंदी घेतली तर उंचीची जेमतेम १६८० पिक्सेलची पट्टी हाती लागते. मुलगी त्यात मावत नाही. पाय तरी जातात नाहीतर कंदील तरी. पुढे हीच रुंदी १२० वर आणली की डोकं उरतं १३ पिक्सेलचं. पुलाचा कठडा, पाण्यातलं प्रतिबिंब, चित्रकाराने दोन दिवस खपून काढलेला शालीचा काठ, या सगळ्याचा एक करडा ठिपका होतो.

म्हणून छोट्या कॅप्सूलमध्ये नाव हेच चित्र. अक्षरांनी जवळजवळ सगळी चौकट भरावी आणि मागे रंग व एखादी ओळखू येणारी आकृती पुरे. कंदिलाचा पिवळा गोळा आणि मुलीचा चेहरा, बस. पूल नको. मुख्य कॅप्सूलमध्ये जागा असते, तिथे पूल परत आणा.

देवनागरी नाव असेल तर आणखी एक गोष्ट आड येते, आणि रोमन अक्षरं समोर ठेवून लिहिलेले सल्ले तिच्याबद्दल काही सांगत नाहीत. रोमन कॅपिटल अक्षराला दिलेली सगळी उंची तेच वापरतं. ‘मुठेचं भूत’ मध्ये वर मात्रा आणि अनुस्वार, खाली ऱ्हस्व आणि दीर्घ उकार. ४५ पिक्सेलच्या उंचीत ओळीला ४० दिले तरी शिरोरेषेपासून खालचं मूळ अक्षर २२ पिक्सेलच्या आसपासच राहतं. हे वाचता येतं, कारण नाव आखूड आहे आणि एका ओळीत मावतं. दोन ओळी केल्या की अक्षर ११ पिक्सेलवर येतं. मग ‘ठ’ चा पोकळ गोळा बुजतो आणि ‘भ’ चा ‘म’ दिसायला लागतो. मुठेचं मूत झालं तर हसायचं की रडायचं? अक्षर जाड हवं, पण आतल्या पोकळ्या उघड्या राहतील इतपतच. मुक्ता किंवा बालू यांसारख्या मुक्त परवान्याच्या फॉन्टची जाड रूपं पायाला घेऊन त्यावर हाताने काम करावं. ऐतिहासिक गेम म्हणून बोरूच्या वळणाची बारीक अक्षरं घ्यायचा मोह पोस्टरसाठी राखून ठेवा. रोमन आणि देवनागरी दोन्ही लिपी एकाच छोट्या कॅप्सूलवर कोंबू नका. उपनावालाही नावाइतकी जागा देऊ नका. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ सारखं एक आखूड शब्द आणि मग उपनाव अशा घडणीचं नाव असेल तर पहिला शब्द मोठा करता येतो, उपनाव बारीक राहिलं तरी चालतं.

काय लिहायचं यावर तर स्टीमचा नियमच आहे. १ सप्टेंबर २०२२ पासून कॅप्सूलवर गेमचं नाव आणि अधिकृत उपनाव एवढंच चालतं. परीक्षणातले तारे, पुरस्काराचं नाव, सवलतीची टक्केवारी, कोणाचं कौतुकाचं वाक्य, काही नाही. मोठं अपडेट आलं तर त्याची माहिती देणारं चित्र जास्तीत जास्त महिनाभर, तात्पुरतं लावता येतं. पोस्टरवर हे सगळं शोभतं, शिवाय तारीख, स्टॉल नंबर, क्यूआर कोडही. लायब्ररीतलं रुंद हिरो चित्र, ३८४०×१२४०, याच्या उलट. त्यात नावसुद्धा नको, कारण लोगो वेगळ्या पारदर्शक पीएनजीतून वर बसतो. चित्र तिथे कसंही कापलं जातं, म्हणून महत्त्वाचं ते मधल्या ८६०×३८० मध्ये ठेवायचं.

रंगाची गफलत कागदावर दिसत नाही. पोस्टर पांढऱ्या भिंतीवर लागतं, स्टीमचं पान मात्र गडद निळसर. रात्रीच्या मुठेचा निळाकाळा रंग त्या पानात विरघळतो आणि कॅप्सूलच्या कडाच दिसेनाशा होतात. भोवती पांढरी चौकट काढणं हा उपाय स्वस्त वाटतो आणि दिसतोही स्वस्त. त्यापेक्षा पात्रामागे उजेड आणा, डोक्या-खांद्यांच्या कडेवर कंदिलाची पिवळी रेघ द्या. तपासायचं तर शोधाच्या निकालांचा स्क्रीनशॉट घ्या, त्यातल्या एका गेमवर आपलं चित्र चिकटवा, आणि सगळंच कृष्णधवल करून हातभर लांबून बघा. तरीही नाव वाचता आलं तर पुढे जा.

कामाचा क्रम मग उलटा होतो. आधी २३१×८७ च्या, म्हणजे छोट्या कॅप्सूलच्या निम्म्या मापाच्या चौकटीत, रंगाशिवाय, दहा-बारा कच्चे आराखडे. त्यातला एक निवडून हेडर चौपट मापात, ३६८०×१७२०, रंगवायचा. पार्श्वभूमी, पात्र, पुढची झाडंझुडपं, उजेड आणि नाव यांचे लेअर, म्हणजे एकावर एक ठेवलेले थर, वेगळे. पात्राच्या मागे झाकलेला पूलही पूर्ण काढलेला हवा, नाहीतर उभ्या कॅप्सूलसाठी मुलीला डावीकडे सरकवलं की मागे भोक पडतं. चित्रकाराला काम देतानाच ‘एक पोस्टर’ न म्हणता मापांची यादी द्या आणि लेअरसकट फाइल मिळेल हे ठरवून घ्या. नंतर मागितली की जादा पैशांवरून कटकट होते, आणि त्यात चित्रकाराची चूक नसते.

नाव देताना डीटीपीवाल्यांची जुनी सवय उपयोगी पडते: कर्व्ह करून द्या, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून, फॉन्टची गरज पडणार नाही असे. श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं नाव दुसऱ्याच्या मशीनवर रोमन अक्षरांची खिचडी होऊन उघडतं. फोटोशॉपमध्ये भारतीय लिप्यांची मांडणी चालू नसेल तर ‘सिं’ ची वेलांटी भलत्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं सुटतात. मराठी न वाचणाऱ्या चित्रकाराला हे दिसणारच नाही.

पोस्टर सगळ्यात शेवटी, त्याच लेअरमधून. आता चंद्र वर चढवा, नदी लांबवा, शालीचा काठ काढा. चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) सोडा आणि सीएमवायकेची, म्हणजे छपाईच्या रंगांतली, प्रत वेगळ्या नावाने ठेवा, कारण घाईत तीच स्टोअरसाठी उचलली जाते आणि कंदिलाचा पिवळा मातकट होऊन बसतो.