तोंड उघडं पडतं म्हणून फुल फेस मास्क? आधी नाकाला विचारा

सीपॅप, म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाची हवा देणारं मशीन, लावायचं ठरलं की मशीनवर सगळे तासभर बोलतात, दाब आपोआप बदलणारं ऑटो घ्यायचं का साधं, आवाज किती, प्रवासात नेता येतं का, आणि मास्कचा विषय मात्र पाच मिनिटांत उरकतात. झोपेत तोंड उघडं असतं का? असतं. मग फुल फेस घ्या. माझंही असंच झालं. घरच्यांनी साक्ष दिली की हा तोंड वासून घोरतो, मग काय, पहिल्या दिवसापासून नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क. रात्री तीन-साडेतीनला नाकाच्या हाडापाशी फुर्र फुर्र सुरू व्हायचं, वारा सरळ डोळ्यात, मी अर्धवट झोपेत पट्टे आवळायचो, सकाळी नाकाच्या दांडीवर लाल वळ, आणि मशीनच्या स्क्रीनवर लीकचा, म्हणजे मास्कमधून गळणाऱ्या हवेचा, आकडा तसाच. दोन महिने मला वाटत होतं माझाच चेहरा वाकडा आहे.

तर मुळात हे काम कसं करतं ते बघू, कारण मास्कचं उत्तर त्यातच आहे.

झोपलं की घशाचे स्नायू सैल पडतात. स्लीप अ‍ॅप्निया असलेल्या माणसात मऊ टाळू आणि जिभेचं मूळ मागे सरकून वाट बंद करतात, श्वास अडतो, ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागा होतो, पुन्हा झोप, पुन्हा तेच. तासाला असं सरासरी किती वेळा होतं तो आकडा म्हणजे एएचआय, ५ च्या खाली ठीक, ३० च्या वर गंभीर. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८० मध्ये नाकातून थोड्या दाबाची हवा सतत सोडून ही वाट उघडी ठेवता येते हे करून दाखवलं, १९८१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात पाच पेशंटचा पेपर आला. त्याआधी गंभीर पेशंटला गळ्याला भोक पाडणं हाच खात्रीचा उपाय होता. सुरुवातीला नाकाचा साचा घेऊन मास्क बनवायचे आणि रोज रात्री सिलिकॉनने चेहऱ्याला चक्क चिकटवायचे, सकाळी ओढून काढायचे. आपण पट्ट्यांवरून कुरकुर करतो!

यातला 'नाकातून' हा शब्द महत्त्वाचा आहे. नाकातून दाब आला की तो मऊ टाळूच्या मागच्या बाजूने येतो. तोंड बंद असेल तर तोंडाच्या पोकळीत तेवढा दाब नसतो. म्हणजे टाळूच्या मागे दाब जास्त, पुढे कमी, साहजिकच टाळू पुढे ढकलला जाऊन जिभेवर टेकतो, जीभही पुढे राहायला मदत होते, वाट मोकळी. खिडकीचा पडदा मागून वारा आला की कसा फुगून पुढे येतो तसंच. आता फुल फेस लावा. नाकातूनही दाब, तोंडातूनही तेवढाच दाब. टाळूच्या या पडद्याच्या दोन्ही बाजूंना सारखा वारा, मग तो पुढे कशाला जाईल? त्यात मोठ्या मास्कची खालची कड हनुवटीवर येते, पट्टे आवळले की जबडा मागे दाबला जातो, जबड्याबरोबर जीभ मागे. म्हणजे जी वाट उघडायची तिलाच आपण बाहेरून धक्का देतोय. नेझल, म्हणजे फक्त नाक झाकणारा मास्क, आणि फुल फेस यांची तुलना केलेल्या अभ्यासांत साधारण हेच दिसतं: फुल फेसला दाब जास्त लागतो, लीक जास्त होतं, मास्क लावूनही उरलेला एएचआय जास्त राहतो, आणि लोक तो कमी तास वापरतात. अमेरिकेतल्या स्लीप मेडिसिन अकॅडमीच्या २०१९ च्या गाइडलाइनचा कलही सुरुवात नेझलने करावी असाच आहे. सगळ्यांनाच असा त्रास होतो असं नाही, पुष्कळ लोक फुल फेसवर मस्त झोपतात, पण सुरुवात कुठून करायची हा प्रश्न असेल तर उत्तर नाकापासून.

लीकचं गणितही साधं आहे. सीपॅपचा दाब सेंटिमीटर पाण्यात मोजतात, मशीन साधारण ४ ते २० पर्यंत देतात. १ सेंटिमीटर पाणी म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १ ग्रॅम वजन. समजा दाब १० आहे आणि नेझल मास्कने ३० चौरस सेंटिमीटर जागा झाकली, तर हवा मास्कला साधारण ३०० ग्रॅमच्या जोराने चेहऱ्यापासून दूर ढकलते. तेवढ्याच दाबाला ६५ चौरस सेंटिमीटरचा फुल फेस ६५० ग्रॅमचा जोर सोसतो, म्हणजे पट्टे दुपटीने ओढायला हवेत. वर त्याची कड नाकाच्या दांडीवरून गालावर, गालावरून हनुवटीपर्यंत जाते, आणि जबडा झोपेत हलतो, दाढी असेल तर आणखी मजा, रात्री कवळी काढून ठेवणाऱ्याचे गाल आत जातात. एवढी लांब कड कुठेतरी सुटणारच.

आता मुख्य आक्षेप, की बाबा माझं तोंड उघडतंच ना. बरोबर, पण कधी उघडतं? उपचार नसताना. वाट बंद पडते, माणूस गुदमरतो, तेव्हा तोंड उघडून हवा ओढणं हा जीव वाचवायचा मार्ग असतो. दाब मिळून वाट मोकळी राहिली की अनेकांचं तोंड आपोआप मिटतं, पहिले काही दिवस सोडून. म्हणून उपचाराच्या आधीच्या घोरण्यावरून मास्क ठरवणं मला तरी घाई वाटते.

दुसरं कारण नाक. सर्दी, अ‍ॅलर्जी, नाकाचा वाकडा पडदा, पॉलिप म्हणजे नाकातली मऊ गाठ, यातलं काही असेल तर तोंड उघडणारच, आणि त्यावर मोठा मास्क लावणं म्हणजे नळ तुंबला म्हणून खिडकीतून पाणी घेणं. एक साधी तपासणी घरी होते: तोंडात पाण्याचा घोट धरायचा, गिळायचा नाही, आणि तीन मिनिटं नुसतं नाकाने श्वास घ्यायचा. आरामात जमलं तर नेझल मास्कला नाक तयार आहे असं धरायला हरकत नाही. दीड मिनिटात जीव कासावीस झाला तर मास्कच्या आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा, बऱ्याचदा अ‍ॅलर्जीच्या स्प्रेनेच फरक पडतो.

आणि एक गंमत म्हणा की त्रास म्हणा, नेझल मास्क लावून तोंडाने लीक होत असेल तर नाक आणखी चोंदतं. एरवी आपण नाकाने श्वास सोडतो तेव्हा बाहेर जाणाऱ्या हवेतला ओलावा नाकाचं अस्तर परत धरून ठेवतं. तोंडातून गळती झाली की हवा नाकातून आत आणि तोंडातून बाहेर अशी एकाच दिशेने वाहते, अस्तर सुकतं, सुजतं, नाक बंद होतं, मग तोंड अजून उघडतं. इथे मशीनच्या हवेला ओलावा देणारा गरम ह्युमिडिफायर खरोखर कामाचा आहे, पुष्कळ लोक तो पाणी भरायचा कंटाळा म्हणून बंद ठेवतात आणि मग मास्कला शिव्या देतात. हनुवटीचा पट्टा काहींना चालतो, काहींचे ओठ तरी फुरफुरतातच. तोंडाला टेप लावायचं फॅड मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, नाक बंद पडलं किंवा उलटी झाली तर अवघड.

मग फुल फेस कोणाला? ज्यांचं नाक खरंच उघडत नाही, उपचार करूनही. ज्यांचं तोंड ह्युमिडिफायर, दाबाची नीट सेटिंग, सगळं करूनही रात्रभर गळतं. त्यांना तो नक्की घ्यावा, लाजायचं काही नाही, न वापरलेल्या नेझलपेक्षा वापरलेला फुल फेस कधीही बरा. त्यात एक झडप असते, मशीन बंद पडलं तर ती उघडते आणि बाहेरची हवा आत येते, ती अडकलेली नाही ना हे धुताना बघायचं. ज्याला स्वतःच्या हाताने मास्क काढता येत नाही अशा माणसाला तो लावायचा की नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचं, कारण उलटी झाली तर ती मास्कमध्ये अडकून छातीत जाऊ शकते.

नाकपुड्यांत बसणारे पिलो मास्क हा तिसरा प्रकार, हलका, चष्मा लावून वाचता येतं, बंद जागेत गुदमरल्यासारखं होणाऱ्यांना बरा, जास्त दाबाला मात्र नाकपुड्या दुखू शकतात.

मास्क कुठलाही असो, पेसमेकर किंवा डोक्यात धातूची क्लिप असेल, तुम्हाला किंवा शेजारी झोपणाऱ्याला, तर चुंबकाचे हुक असलेला नको. आणि बसून फिट करू नका, आडवं व्हा, मशीन चालू करा, चेहरा सैल सोडा, मग पट्टे लावा, कारण आडवं झालं की गालाचा आकार बदलतो. मास्कवरची बारीक भोकं वाया जाणारी हवा नाही, श्वासातला कार्बन डायऑक्साइड तिथूनच बाहेर जातो, ती पांघरुणाने झाकायची नाहीत.

मास्कचा प्रकार बदलला तर दाबही पुन्हा बघून घ्यावा लागतो, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. नेझलवर ठरलेला दाब फुल फेसला पुरेलच असं नाही. मी आता नेझलवर आहे, फुल फेस कपाटात ठेवलाय, सर्दीच्या आठवड्यासाठी. त्या आठवड्यात माझा एएचआय २ वरून ५-६ वर जातो, रात्रीची फुरफुर परत सुरू होते, आणि नाक मोकळं झालं की मी त्याच रात्री परत छोटा मास्क शोधतो.